टाकीच्या सांध्यातून पाझरतंय: डाग मारायचा की रेडिएटर बदलायचा?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: कासारवडवलीला राहतो. पेट्रोल हॅचबॅक, ९ वर्षं जुनी, ८४ हजार किलोमीटर झालेत. गेल्या महिन्याभरात कूलंटची बाटली दोनदा भरावी लागली. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर लीक आहे, काढून डाग मारून (गळती झाळून) देतो. सर्व्हिस सेंटरने रेडिएटर, झाकण, दोन्ही होज (पाण्याच्या रबरी नळ्या) आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. मेहुणा म्हणतो गळती बुजवायची पावडर टाक आणि विसरून जा. गणपतीला चिपळूणला जायचंय, सोबत बायको, आई आणि दोन मुलं. काय करू?

दादा, तिघांनी तीन औषधं सांगितली, पण दुखतंय कुठे ते एकानेही हात लावून पाहिलेलं दिसत नाही. निदान तुमच्या लिहिण्यात तरी ‘रेडिएटर लीक आहे’ याच्या पुढे काही नाही. रेडिएटरला जाळी असते, दोन टोकांना टाक्या असतात, टाकी आणि जाळीच्या मध्ये रबर असतं, खाली ड्रेनचा बोल्ट, वर झाकण, आणि होज बसतात ती नळीची तोंडं. यातल्या कुठल्या जागेतून गळतंय त्यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण फिरतं. रेडिएटर बदलायचा म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्या नुसती होजची क्लिप आवळून परत गेल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. गिऱ्हाईक बिचारं दोन मिनिटं तसंच उभं राहतं, विश्वास बसत नाही.

वागळे इस्टेटमध्ये रेडिएटर दुरुस्तीचं हे काम करतोय त्याला २६ वर्षं झाली. त्याआधीची पाच वर्षं एका वस्तादाच्या हाताखाली कथील वितळवण्यात आणि शिव्या खाण्यात गेली. म्हणून जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे.

आधी तुम्ही स्वतः काय बघू शकता ते सांगतो. उद्या सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी बॉनेट उघडा. रात्रभर उभी राहिलेली गाडीच हवी. ऑफिसातून आल्या आल्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. भाजलेले हात मी दर उन्हाळ्यात बघतो. तर, मोबाईलचा टॉर्च घ्या आणि काळी प्लास्टिकची टाकी जिथे जाळीला जुळते, त्या दातेरी पट्टीवरून सावकाश फिरवा. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरवड दिसते का? कूलंट पाझरून वाळलं की मिठागरातल्यासारखा थर सोडतं. ती खरवड जिथून सुरू होते ती गळतीची जागा. थेंब जिथे पडतो ती जागा धरून चालत नाही, कारण पाणी उतार धरून भलतीकडे जातं आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे उडतं.

जमिनीवर ओल दिसली म्हणून दचकू नका. एसीचं पाणी बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायांखाली ठिबकतं. बोटावर घेऊन बघा. ते पाण्यासारखंच असतं, वाळलं की काही उरत नाही. कूलंट बोटांमध्ये निसरडं लागतं, त्याला रंग असतो आणि गोडसर वास. चाखून मात्र बघू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी आहे. चव गोड असल्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि जिवाला मुकतात, तेव्हा पार्किंगमध्ये सांडलेलं असेल तर भरपूर पाणी टाकून धुवा.

होजवर दातांच्या खुणा दिसतात का तेही बघून घ्या. ठाण्यातल्या पार्किंगमध्ये घुशी-उंदरांनी जितके होज फोडलेत तितके म्हातारपणाने फुटले नसतील.

यातून नक्की काही कळलं नाही तर प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी एक हातपंप बसतो, त्याला काटा असतो. तुमच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असेल; तो दाब बारमध्ये आहे, म्हणजे साधारण १३ ते १६ पीएसआय. तेवढाच दाब भरायचा, वर नाही, आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. ‘जरा जास्त मारतो, म्हणजे लवकर कळेल’ म्हणणाऱ्या पोरांच्या हातात पंप देऊ नका, चांगल्या टाकीचा सांधाही ते उघडून ठेवतात. ही टेस्ट थंड इंजिनावर एकदा आणि गरम झाल्यावर एकदा अशी दोनदा करून घ्या. टाकीखालचं रबर जुनं होऊन चपटं झालं की थंडपणी पाझरतं, आणि तापल्यावर सगळं फुगलं की आपोआप बंद होतं. सकाळी पार्किंगमध्ये दोन थेंब आणि दिवसभर काही नाही, अशी तक्रार आली की मी आधी तिथेच बघतो. प्लास्टिकची चीर बहुधा उलट वागते. थंड असताना मिटलेली, गरम झाली की उघडते.

काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर जरा काळजीने घ्या. पाणी आत कुठेतरी जातंय. पुढच्या सीटखालची चटई ओली असेल, काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल तर हीटरची छोटी जाळी गळतेय. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर सतत येत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालच्या सांध्यातली पट्टी) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर बघून लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांकडे नुसत्या दमटपणानेही तो थोडा धरतो, एवढ्यावरून हेड उघडायला निघू नका. गॅस्केटची खात्री करायला निळं द्रव घालून एक टेस्ट करतात. रेडिएटरच्या तोंडातून येणारी हवा त्यातून ओढायची. जळलेला गॅस आत येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम आहे.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. ऐरोलीचे एक गृहस्थ आठ महिन्यांत दोन नवे रेडिएटर बसवून तिसरा बसवायला माझ्याकडे आले होते. दोन्हींच्या टाक्या फाटलेल्या. दोन्ही वेळा ‘माल लोकल निघाला’ असं त्यांना सांगण्यात आलं. माल बरा होता. हेड गॅस्केट गेल्यामुळे सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसून दाब वाढवत होता, आणि सगळ्यांत नाजूक जागा, म्हणजे टाकी, दर वेळी जीव द्यायची. तिसरा रेडिएटर मी विकला असता तर तोही तीन-चार महिन्यांत फाटला असता. असाच प्रकार अडकलेल्या झाकणाने होतो. त्यातली दाब सोडणारी झडप गंजून चिकटली की रेडिएटर फुगत राहतो. झाकण ही अख्ख्या कूलिंगमधली सगळ्यांत स्वस्त वस्तू असेल, पण कोणी ते तपासत नाही.

आता डागाकडे येतो. हा शब्द तांब्या-पितळेच्या काळातला. जाळी तांब्याची, टाकी पितळेची, सगळं कथलाने झाळलेलं. गळती लागली की जागा घासायची, तेजाब लावायचं, कथील वितळवून ओतायचं. कथील-शिशाचं झाळण दोनशे अंशांच्या आतच वितळतं आणि तांबं वितळायला हजाराच्या वर जावं लागतं, म्हणजे हात चुकायला भरपूर जागा. असा रेडिएटर दहा वेळा दुरुस्त व्हायचा. नळ्या चोंदल्या तर टाकी उघडून आत पट्टी घालून साफ करायचा, जाळी संपली तर जुन्या टाक्यांना नवी जाळी लावायचा. जुनी जीप, ट्रॅक्टर, काही जुने ट्रक, तुमच्या सोसायटीचा जुना जनरेटर यांचे रेडिएटर असे असतील तर आजही डोळे झाकून दुरुस्त करा. टॉवरच्या कमिटीचे सेक्रेटरी जनरेटरचा रेडिएटर ‘कालबाह्य’ म्हणून बदलायला निघतात, तेव्हा मीच त्यांना अडवतो.

तुमच्या गाडीची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या आहेत. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, कथील त्यावर बसतच नाही. कारखान्यात ही जाळी नायट्रोजन भरलेल्या भट्टीत साधारण ६०० अंशांना जोडतात, आणि खुद्द ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. मधली फट केवढीशी! नळीचा पत्रा तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. फुटपाथवरच्या गॅसच्या ज्योतीने ती फट सांभाळायची म्हटल्यावर एक भोक बुजवताना शेजारची दोन पडतात. म्हणून आज ‘डाग मारतो’ याचा अर्थ बहुतेक वेळा इपॉक्सी गोंदाचा लेप लावतो असा असतो. लेप वाईट आहे असं म्हणत नाही. जाळीत दगड लागून एकच बारीक भोक पडलंय, बाकी जाळी तरुण आहे, आणि लेप घासूनपुसून नीट लावलाय, तर तो वर्ष-दोन वर्षंही टिकलेला मी पाहिलाय. पण प्लास्टिकच्या टाकीवरच्या चिरेवर तो टिकत नाही. त्या नायलॉनला इपॉक्सी धड चिकटत नाही, आणि गाडी रोज दोनदा तापते-थंडावते तेव्हा प्लास्टिक आणि लेप वेगवेगळ्या मापाने फुगतात. चीर लेपाखालून पुढे सरकत राहते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि एक दिवस होजचं तोंड अख्खं तुटून हातात येतं. तेव्हा पाणी पाझरत नाही, एका मिनिटात सगळं खाली येतं.

प्लास्टिकच्या टाकीत गॅरेजवाल्याची दुरुस्ती खरोखर पटण्यासारखी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे टाकी-जाळीचा सांधा. तिथे गळत असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दात एकेक करून उघडायचे, टाकी उचलायची, खालचं रबर नवं टाकायचं, खोबणीतली खरवड साफ करायची आणि दात सगळीकडे सारख्या दाबाने परत मिटायचे. हौदात बुडवून हवा भरली आणि बुडबुडा आला नाही की काम झालं. हे काम मी करतो, आवडीने करतो. पण दोन अटींवर. एक, ते दात आधी कोणी उघडलेले नसावेत. ॲल्युमिनियम एकदा वाकवलं तर सहन करतं, दुसऱ्यांदा कुरकुरतं, तिसऱ्यांदा दात हातात येतो. दुसरी, टाकीचं प्लास्टिक अजून काळं आणि चिवट असावं. होजच्या तोंडापाशी ते तपकिरी पडलं असेल, बारीक रेषांचं जाळं दिसत असेल, नख दाबल्यावर ठिसूळ लागत असेल, तर नवं रबर घालून मी फक्त पुढच्या फाटण्याची तारीख पुढे ढकलतोय. वर्षानुवर्षं गरम ग्लायकोलमध्ये राहून हे नायलॉन कडक होतं. साधारण आठव्या-दहाव्या वर्षी माझ्याकडे या टाक्यांची रांग लागते.

काही खपाऊ मॉडेलांना नुसती टाकीही वेगळी मिळते. जाळी चांगली असेल तर तीही चालते.

मग जाळी बघा. पुढून एसीचा कंडेन्सर (एसीची जाळी) आड येतो, तेव्हा रेडिएटरच्या जाळीपर्यंत जिथून बोट जात असेल तिथून पंख्यांवरून (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्या, फिरणारा पंखा वेगळा) हलकेच अंगठा फिरवा. भुगा हाताला लागला, पंखे नळीपासून सुटून गळत असले, तर ती जाळी थंड करायचं काम आधीच सोडून बसलीय, गळती बंद केली तरी गाडी तापणार. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, ऐरोली-वाशीच्या बाजूला तर आहेच. वर घोडबंदरला बारा महिने बांधकामं आणि खोदकाम, सगळी धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन पावसात चिखल होऊन बसते. त्यात गाडी धुणारा पोरगा जवळून प्रेशरचं पाणी मारतो आणि पंखे आडवे पाडतो. रेडिएटर काही कारणाने बाहेर काढलाच असेल तर मागून हलक्या पाण्याने कंडेन्सर धुऊन घ्यायला सांगा, नंतर तिथे हात पोचत नाही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर एक वेगळा धोका असतो. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून फुटली की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतं, गुलाबी लस्सीसारखं दिसतं. तिथे दुरुस्तीची चर्चाच नको. रेडिएटर नवा, आणि गिअरबॉक्स त्याच दिवशी धुवायचा. तुमची गाडी मॅन्युअल असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

पावडरबद्दल. तुमच्या मेहुण्यांना दोष देत नाही, ही परंपरा जुनी आहे. माळशेजवरून भाजी घेऊन वाशीच्या मार्केटला येणारे टेम्पोवाले रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. खरंच हळद. तिचे कण फुगून भोकात अडकतात आणि गाडी मार्केटपर्यंत येते. नंतर तो टेम्पो माझ्याकडे आला की खालच्या टाकीतून पिवळा चिखल निघायचा, आम्ही पोरं ‘आज पिठलं आहे’ म्हणून हसायचो. जुन्या तांब्याच्या रुंद नळ्यांना ते चालून जायचं. आताच्या नळ्या आतून एक-दोन मिलिमीटरच्या. बाटलीतली पावडर गळणारं भोक आणि चालू नळी यांत फरक करत नाही, आणि हीटरची जाळी तर सगळ्यांत आधी चोंदते. माणगावच्या अलीकडे भर रात्री अडकलात तर टाका, माझी ना नाही. घरी उभ्या असलेल्या गाडीत टाकू नका. आणि टाकलीत तर पुढच्या मेकॅनिकला तसं सांगा, आम्ही उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

आता पैसे. लोक दुरुस्तीचा आकडा आणि नव्याचा आकडा शेजारी ठेवतात, तिथेच गणित चुकतं. काढण्या-बसवण्याची मजुरी आणि कूलंट दोन्हीकडे सारखंच लागतं. समजा नवा रेडिएटर सहा हजारांना, दुरुस्ती दोन हजारांना, आणि मजुरी-कूलंट मिळून अडीच हजार. म्हणजे साडेआठ विरुद्ध साडेचार. दुरुस्ती वर्षभरात गेली तर पुन्हा अडीच हजार अधिक नवा सहाचा, म्हणजे एकूण तेरा. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गाडीचे भाव विचारून घाला. काही गाड्यांत बंपर उतरवावा लागतो, एसीचा गॅस काढून परत भरावा लागतो, तिथे मजुरीच इतकी होते की नवी वस्तू स्वस्त वाटते. माझा स्वतःचा हिशोब साधा आहे. पाच वर्षांच्या आतली गाडी आणि गळती सांध्यातून, तर रबर बदलून देतो. आठ वर्षांच्या वरची गाडी आणि प्लास्टिक टाकी, तर नवा. मधल्या वर्षांत गाडी समोर आणा, बघून सांगतो. आणि गाडी दोन-तीन महिन्यांत विकायचीच असेल तर दुरुस्त करा, पण घेणाऱ्याला तसं सांगून विका.

या सगळ्याच्या पलीकडे इंजिनाचं हेड आहे, ते या हिशोबात कोणी धरत नाही. तेही ॲल्युमिनियमचंच. पाणी संपल्यावर पाच-सात मिनिटं चालवलं तरी ते वाकू शकतं. मग गॅस्केट, हेडला फेस मारणं (घासून सपाट करणं), मजुरी. रेडिएटरच्या कितीतरी पट. मानपाड्याला डॅशबोर्डवर गाडी तापल्याचा लाल दिवा लागलेला असताना ‘आता घर दहा मिनिटांवर आहे’ म्हणून गायमुखपर्यंत गेलेले एक गिऱ्हाईक आहेत. घरी पोचले. गाडी दीड महिना गॅरेजात होती. अजून एक गोम बघा: पाणी पूर्ण गेलं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा कधी कधी खाली येतो. माणसाला वाटतं गाडी थंड झाली. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा.

इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत. दगड लागून किंवा धडकेत रेडिएटर फुटला तर क्लेम होतो, पण अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी पुढे चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर, असं पॉलिसीच्या अटींतच लिहिलेलं असतं.

नवा घ्यायचा ठरला तर दुकानात तीन प्रकार दाखवतील. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, रेडिएटर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि बिननावाचा. दुसरा बहुधा पहिल्याइतकाच चांगला असतो आणि दरात फरक पडतो; मी स्वतःच्या गाडीत तोच घातलाय. बिननावाच्यात बघायचं ते जाळीची जाडी आणि पंख्यांची दाटी. जुना सोबत न्या, पट्टी लावून जाडी मोजा, हातात घेऊन वजन बघा. २६ मिलिमीटरच्या जागी १६ ची जाळी दिली तर गाडी ठाण्यात फिरताना काही जाणवणार नाही, कसारा घाटात एसी लावून चढताना जाणवेल. पंख्याच्या कव्हरची भोकं आणि खालच्या खुंट्या जुळतात का तेही दुकानातच बघा. भंगारातला घेऊ नका, त्याची टाकी तुमच्या टाकीच्याच वयाची असते.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट तुम्हाला लूट वाटलं असेल. सगळंच तसं नाही. झाकण बदलाच. वरचा होज दाबून बघा. मऊ पडला असेल, तोंडाशी फुगला असेल किंवा दाबल्यावर आतून करकर वाजला तर बदला, नाहीतर राहू द्या. खालच्यालाही तोच नियम. थर्मोस्टॅट ९ वर्षांचा आहे आणि पाणी काढलेलंच आहे, तर मी बदलीन. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, गाडी थंड राहील’ म्हणणारा भेटला तर नमस्कार करा. त्याने इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओघळ असेल तर ती वेगळी गळती आहे, हेही याच वेळी बघून घ्या.

कूलंटमध्ये फार शिरत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं घ्या, रंगावर जाऊ नका, दोन जातींची मिसळ करू नका. तयार मिसळलेलं नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. घोडबंदरच्या अनेक सोसायट्यांत नळाला बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं, त्याचे क्षार आत बसतात.

तर तुमच्यापुरतं: आधी प्रेशर टेस्ट आणि निळ्या द्रवाची टेस्ट. गळती होज किंवा झाकणाची निघाली तर तेवढंच करा आणि माझं नाव काढा. टाकीच्या सांध्याची किंवा चिरेची निघाली, आणि वयाकडे बघता तीच निघेल असं मला वाटतं, तर गॅरेजवाल्याचा डाग नको आणि मेहुण्यांची पावडरही नको, नवा टाका. ठाण्यात रोजच्या फेऱ्यांना दुरुस्ती पुरली असती कदाचित. पण गणपतीच्या गर्दीत माणगावला दोन-दोन तास गाडी जागच्या जागी, एसी चालू, वारा नाही, सगळा भार पंख्यावर, त्यानंतर घाट. नऊ वर्षांच्या प्लास्टिकची परीक्षा तिथे बघू नका, आईंना घेऊन तर नकोच.

काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका, किमान आठवडाभर आधी करा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन चालू ठेवून आत अडकलेली हवा काढायला सांगा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गॅरेजातून हलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी बघा, थोडी उतरलेली असेल, भरा. मग एक रविवार घोडबंदरवरून फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन या, येताना गायमुखच्या चढावर एसी चालू ठेवा. परत आल्यावर रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर निघायला हरकत नाही. डिकीत पाच लिटर पाणी आणि अर्धा लिटर कूलंट असू द्या.